थंडीतलं दूध: खेडा संघ, मुंबईचा बाजार आणि भुकटीचा मनोरा

म्हैस साधारणपणे पावसाळा सरता सरता विते. त्यामुळे दिवाळीपासून होळीपर्यंत गोठ्यात दुधाची चंगळ असते आणि चैत्र-वैशाखात चरवीचा तळ दिसायला लागतो. दूध खात्याच्या कागदोपत्री या दोन हंगामांना पुष्टकाळ आणि कृशकाळ अशी नावं आहेत. गिऱ्हाईक मात्र बरोबर उलटं वागतं. चहाला लागणारं दूध बाराही महिने तेवढंच. दही, ताक, लस्सी, आइस्क्रीम यांची मागणी वाढते ती उन्हाळ्यात. गहू, ज्वारी कणगीत भरून ठेवता येते. सकाळी काढलेली धार मे महिन्यात संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. तेव्हा डिसेंबरातलं जास्तीचं दूध ठेवायचं कुठे, हा दूधधंद्याचा मूळ प्रश्न. बाकीचे सगळे प्रश्न याच्या पोटात येतात.

अमूलची गोष्ट सांगताना आपण तिचे अभियंता-व्यवस्थापक कुरियन सांगतो, शेतकऱ्यांचे पुढारी त्रिभुवनदास सांगतो, ठिपक्यांच्या फ्रॉकमधली ती खट्याळ मुलगी सांगतो. ते सांगायलाच हवं. पण या प्रकरणाचे कागद चाळताना मला सतत वाटत आलं आहे की गोष्टीचा कणा वेगळा आहे. मुंबईने आणंदचं थंडीतलं सगळं दूध मुकाट्याने घेतलं असतं, तर अमूल लोणी झालंच नसतं. आणंद ज्या जिल्ह्यात होतं त्या खेडा जिल्ह्याचा दूध संघ, म्हणजेच पुढचा अमूल, मुंबईला कच्चा माल पुरवणारा एक बरा संघ म्हणून राहिला असता. नकोसं झालेलं दूध आणि ते कुठे न्यायचं याचा शोध, एवढंच हे प्रकरण आहे.

संपाआधी

महायुद्धाच्या शेवटी मुंबईत दुधाची रडकथा होती. शहरातल्या तबेल्यांतलं दूध महाग, पाणी घातलेलं आणि अपुरं. १९४५ मध्ये मुंबई सरकारने दूध योजना आखली आणि दूध आणायचं ठरवलं गुजरातेतल्या आणंदहून, रेल्वेने, सुमारे सव्वाचारशे किलोमीटरवरून. तेव्हा गुजरातचे हे जिल्हे मुंबई प्रांतातच होते, त्यामुळे सरकार एकच, कागदही एकच.

हे काम मिळालं पोलसन कंपनीला. पेस्तनजी एदलजी दलाल या पारशी गृहस्थांनी मुंबईत कॉफीच्या दुकानापासून सुरुवात केली होती. 'पोलसन' हे त्यांच्या लाडक्या नावावरून पडलेलं. पुढे लोण्यात नाव झालं आणि १९३०च्या सुमारास त्यांनी आणंदला आधुनिक डेअरी उभारली. दूध पाश्चराइज करून लांब पाठवण्याची सोय त्या भागात त्यांच्याकडे होती, म्हणून ठेका त्यांना मिळाला. यात गैर काही नाही. गैर झालं ते पुढे. गावातून दूध गोळा करायचं ते दलालांमार्फत, दर ठरवायचा दलालाने, आणि शेतकऱ्याला दुसऱ्या कुणाला दूध घालायची मुभाच नाही. मुंबईत दुधाचा दर चढला तरी त्यातला वाटा खेडा जिल्ह्यातल्या गोठ्यापर्यंत पोचेना.

शेतकरी वल्लभभाई पटेलांकडे गेले. वल्लभभाई त्याच जिल्ह्यातले. त्यांचा सल्ला रोखठोक होता: स्वतःची सहकारी संस्था काढा, दूध स्वतः विका, आणि सरकार ऐकत नसेल तर दूध बंद करा; पण तोटा सोसायची तयारी असेल तरच. त्यांनी मोरारजी देसाईंना पाठवलं. ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावात सभा झाली. गावोगाव संस्था काढायच्या, त्यांचा जिल्हा संघ करायचा, सरकारने दूध थेट संघाकडून घ्यावं, असं तिथे ठरलं. सरकारने नकार दिला. मग १५ दिवस आणंदहून मुंबईला दूध गेलं नाही. दूध खात्याचे साहेब आणंदला आले आणि मागणी मान्य झाली.

आंदोलन १५ दिवसांत जिंकलं. संघाची नोंदणी व्हायला १४ डिसेंबर १९४६ उजाडला, आणि मुंबईसाठी पहिलं दूध पाश्चराइज व्हायला जून १९४८. दोन गावांच्या संस्था आणि दिवसाला जेमतेम २५० लिटर. मधल्या काळात त्रिभुवनदास पटेल गावं पालथी घालत होते. दूध बंद करायला माणसं पटकन जमतात. रोज सकाळ-संध्याकाळ दूध घालायला, आणि तेही पाणी न घालता, माणसं जमवणं हे वेगळं काम आहे. आपल्याकडच्या दूध आंदोलनांच्या बातम्या वाचताना या अडीच वर्षांची आठवण होते.

गावातल्या संस्थेची रीत साधी होती. सकाळी एक आणि संध्याकाळी एक, अशा दोन रांगा. रांगेत गावातल्या वजनदार पटेल जातीच्या माणसामागे कुठल्याही जातीचं कुणीही उभं असे. दुधाचं माप घ्यायचं, नमुना काढायचा, फॅट तपासायचं, आणि सकाळच्या दुधाचे पैसे संध्याकाळी हातात द्यायचे. दुधाचा पगार दहा दिवसांनी मिळायची सवय असलेल्या आपल्याकडच्या उत्पादकाला यातलं शेवटचं वाक्य दोनदा वाचावंसं वाटेल. याशिवाय एक अलिखित नियम होता, आणि पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं: सभासदाने आणलेलं चांगलं दूध परत पाठवायचं नाही.

अडलं कुठे

संस्था वाढल्या तशी हिवाळ्यात पंचाईत व्हायला लागली. पुष्टकाळात म्हैस उन्हाळ्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त दूध देते. मुंबईची दूध योजना मात्र ठरावीक दूधच घेई. बाकीचं तुमचं तुम्ही बघा.

मुंबईची बाजूही समजून घ्यायला हवी, कारण या गोष्टीत खलनायक उभा करायचा मोह फार होतो. दारा खुरोडी हे योजनेचे कर्तेधर्ते. शहरातले तबेले बाहेर काढून गोरेगावला आरे वसाहत वसवणं हे त्यांचंच काम. त्यांच्यापुढचा प्रश्न होता गिरणी कामगाराच्या पोराला परवडेल असं दूध देण्याचा. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे टोन्ड दूध. म्हशीच्या दुधात फॅट ७ टक्क्यांच्या आसपास असतं. त्यात पाणी आणि बिनसायीच्या दुधाची भुकटी घालून फॅट ३ टक्क्यांवर आणायचं. एका लिटरचं दोन लिटरहून जास्त होतं आणि दरही उतरतो. सरकारी दूध केंद्राबाहेर हातात कार्ड धरून उभं राहिलेल्या मुंबईकरांच्या दोन पिढ्या या दुधावर वाढल्या. पण भुकटी येत होती परदेशातून, स्वस्तात. एकदा स्वस्त भुकटीची सवय लागली की आणंदचं हिवाळ्यातलं दूध कुणाला हवं?

म्हणजे मुंबईच्या हिशेबात खुरोडींचं बरोबर होतं आणि आणंदच्या हिशेबात त्रिभुवनदासांचं. दोन्ही हिशेब एकत्र बसत नव्हते. पुढे १९६३ मध्ये खुरोडी, त्रिभुवनदास आणि कुरियन या तिघांना एकत्र मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्कार देणाऱ्यांना यातला विनोद कळला होता की नाही, कोण जाणे.

संघापुढे कोणते रस्ते होते? जास्तीचं दूध नाकारता आलं असतं. तसं केलं असतं तर शेतकरी दुसऱ्या दिवशी पोलसनच्या दलालाच्या दारात उभा राहिला असता आणि उन्हाळ्यात, जेव्हा संघाला दुधाची गरज असते, तेव्हाही तिथेच राहिला असता. पुष्टकाळात परत पाठवलेलं दूध कृशकाळात परत येत नाही, हे कुठल्याही गावातल्या संस्थेचा सचिव सांगेल. दुसरा रस्ता तुपाचा. गावोगाव तूप कढवलं जाईच. पण तुपात फक्त साय खपते. उरलेल्या बिनसायीच्या दुधातली साखर, प्रथिनं, सगळं ताकाबरोबर जातं, आणि तुपाचा भाव व्यापाऱ्याच्या हातात. तिसरा रस्ता सरकारशी भांडत राहायचा. तोही चालू होताच.

चौथा रस्ता खर्चाचा होता: स्वतःचा लोणी आणि भुकटीचा कारखाना. इथे थोडं गणित करू. म्हशीचं १०० लिटर दूध घेतलं तर त्यातून साधारण साडेआठ-पावणेनऊ किलो लोणी निघतं आणि उरलेल्या दुधाची नऊ किलोच्या वर भुकटी. नुसतं लोणी काढून भागत नाही, कारण ९० लिटरहून जास्त बिनसायीचं दूध दारात उभं राहतं. नुसती भुकटी करूनही भागत नाही, कारण साय आधी काढावी लागते. सायीसकट वाळवलेली भुकटी लवकर खवट होते. म्हणून दोन्ही एकत्रच हवं. आणि दोन्ही झालं की डिसेंबरातलं दूध मे महिन्यापर्यंत थांबू शकतं. लोणी शीतगृहात, भुकटी पोत्यात. उन्हाळ्यात दोन्ही पाण्यात कालवलं की पुन्हा दूध. दूध फवारून वाळवायचा हा भुकटीचा उंच मनोरा खरं तर कारखान्यापेक्षा कोठारच. दुधाची कणगी म्हणा.

कारखाना

व्हर्गिस कुरियन १३ मे १९४९ रोजी आणंदला आले ते मर्जीने नव्हे. सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या मिशिगनला शिकून आलेला हा मल्याळी अभियंता. शिष्यवृत्तीची परतफेड म्हणून सरकारने त्याला आणंदच्या सरकारी क्रीमरीत, म्हणजे साय-लोण्याच्या कारखान्यात, धाडलं. त्याच क्रीमरीतली पडून असलेली जुनी यंत्रं संघाने भाड्याने घेतली होती आणि ती सारखी बिघडत. कुरियन ती दुरुस्त करून देत. मग एक दिवस त्यांनी सांगून टाकलं की ही यंत्रं भंगारात घाला, नवी आणा. सरकारी मुदत संपल्यावर त्यांनी बॅगा भरल्या होत्या. त्रिभुवनदासांनी थांबवून घेतलं.

अडचण पैशांची होतीच, पण त्याआधी तांत्रिक होती. जगात दुधाची भुकटी व्हायची ती गाईच्या दुधाची. म्हशीच्या दुधात प्रथिनं, कॅल्शियम, स्निग्धांश सगळंच जास्त. ते फवारून वाळवता येणार नाही, असं परदेशी तज्ज्ञांचं मत होतं. तज्ज्ञांच्या देशात म्हशी नव्हत्या, हा मुद्दा कुणी फारसा विचारात घेतला नसावा. हरिचंद मेघा दलाया या कुरियन यांच्या सहकाऱ्याने ते करून दाखवलं. अमूलच्या गोष्टीत दलायांचं नाव तळटीपेत जातं. माझ्या हातात असतं तर मी ते मथळ्यात नेलं असतं, कारण म्हशीच्या दुधाची भुकटी झाली नसती तर बाकीच्या भाषणांना अर्थच उरला नसता.

पैशांसाठी युनिसेफ पुढे आली. यंत्रं देऊ, बदल्यात जिल्ह्यातल्या कुपोषित मुलांना मोफत दूध वाटा, अशी अट होती. न्यूझीलंडची मदत झाली, सरकारी कर्ज मिळालं. १५ नोव्हेंबर १९५४ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी कोनशिला बसवली आणि वर्षाच्या आत, ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी, नेहरूंनी कारखान्याचं उद्घाटन केलं. तारीख मुद्दाम निवडलेली: वल्लभभाईंचा जन्मदिवस. ते तेव्हा हयात नव्हते. आणि ऑक्टोबर अखेर म्हणजे पुष्टकाळाचं तोंड. यंत्र चुकलं असतं तर थंडीतलं दूध पुन्हा दारात उभं राहिलं असतं.

लोण्याचा रंग

माल तयार झाला. आता विकायचा कुणाला?

मुंबईत लोणी म्हणजे पोलसन. आणि पोलसनच्या लोण्याला एक विशिष्ट वास, खारटपणा आणि पिवळा रंग होता. त्यांची साय लांबून गोळा होऊन यायची, वाटेत आंबायची, त्यातूनच तो वास येई. आणंदच्या कारखान्यात साय ताजी होती. लोणी निघालं ते गोडं, बिनमिठाचं आणि पांढरं शुभ्र. गाईच्या दुधात कॅरोटीन असतं म्हणून तिचं लोणी पिवळसर; म्हशीच्या दुधात ते नसतं. आपल्या आजीला विचारलं असतं तर हेच खरं लोणी, असं ती म्हणाली असती. दहीहंडीतलं, ज्वारीच्या भाकरीवर गोळा ठेवायचं लोणी पांढरंच. पण मुंबईच्या इराणी हॉटेलात पावाला लावायचं बटर हा वेगळा पदार्थ आहे, आणि त्या गिऱ्हाइकाच्या लेखी पांढरं बटर म्हणजे फसवणूक.

संघाने मीठ घातलं, रंग घातला. हे वाक्य लिहायला सोपं आहे. अमूलचं सगळ्यात पहिलं विपणन मला यात दिसतं: आपला माल अधिक शुद्ध आहे हे गिऱ्हाइकाला पटवत बसण्याऐवजी त्याच्या जिभेला मान दिला. सहकारी संस्थांना हे जड जातं. तिथे संचालक मंडळ उत्पादकांचं असतं आणि उत्पादकाला वाटतं की आपला माल चांगला आहे, खाणाऱ्याने शिकावं.

नाव मिळालं 'अमूल'. अमूल्यवरून आलेलं, आणि आणंदच्या संघाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरंही त्यात बसत होती. १९५७ मध्ये ते नोंदलं गेलं. याच सुमारास परकीय चलनाच्या टंचाईमुळे सरकारने लोण्याच्या आयातीला कात्री लावली आणि देशी लोण्याला जागा झाली. पुढे दहा वर्षांनी, १९६६ च्या सुमारास, सिल्व्हेस्टर दा कुन्हा यांच्या जाहिरात संस्थेकडे काम गेलं आणि युस्टेस फर्नांडिस यांनी ती मुलगी रेखाटली. ती आधी मुंबईच्या दिव्यांच्या खांबांवर झळकली. मुंबईने नाकारलेल्या दुधाचं लोणी मुंबईच्याच रस्त्यावर, मुंबईच्याच विनोदबुद्धीच्या भरवशावर विकलं जाऊ लागलं.

लोण्यामागून बाकीचे पदार्थ आले. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस कंडेन्स्ड मिल्क, १९६० मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या मदतीने म्हशीच्या दुधाचा शिशुआहार, मग चीज. प्रत्येक पदार्थामागे तोच हिशेब: हंगामातलं दूध जास्तीत जास्त किमतीत किती महिने थांबवता येतं. पुढे १९९६ मध्ये आलेलं आइस्क्रीम घ्या. हिवाळ्यातली साय आणि भुकटी एप्रिलमध्ये कांडीवर गोठवून विकणं, यापेक्षा या हिशेबाचा चांगला शेवट कुठला?

शेजारी

इथपर्यंतची गोष्ट एका जिल्ह्याची. पण खेड्याचं बघून सुरत, बडोदा, मेहसाणा, साबरकांठा, बनासकांठा इथेही संघ निघाले. मेहसाण्याने 'सागर' नावाने माल काढला. आता सगळ्यांचं थंडीतलं दूध, सगळ्यांची भुकटी, सगळ्यांचं लोणी एकाच मुंबईत, एकाच दुकानदाराच्या फळीवर. दोन सहकारी संघ एकमेकांचा दर पाडायला लागले की फायदा दुकानदाराचा.

१९७३ मध्ये या सहा संघांनी मिळून गुजरात सहकारी दूध विपणन महासंघ काढला. दूध गोळा करणं आणि प्रक्रिया जिल्ह्याची. विक्री, जाहिरात आणि वितरण एकट्या महासंघाचं. आणि खेडा संघाने आपलं 'अमूल' हे नाव सगळ्यांना वापरायला दिलं. वरवर हे औदार्य वाटतं. पण शेजाऱ्याने पाडलेल्या दरात आपलं नावही बुडतं, हे ज्याला कळलं त्याने घेतलेला हा निर्णय आहे. माझ्या मते भुकटीच्या कारखान्यानंतरचा हा दुसरा मोठा निर्णय, आणि महाराष्ट्रात नेमका हाच झाला नाही. त्याकडे येतोच.

त्याआधी १९७० मध्ये दुधाचा महापूर योजना सुरू झाली होती. युरोपात भुकटी आणि बटर ऑइलचे (पाणी काढलेल्या लोण्याचे) डोंगर साठले होते आणि ते भारताला देणगी म्हणून मिळणार होते. फुकट भुकटी गावातल्या दुधाचा दर कसा मारते, हे आणंदने मुंबईत भोगलं होतं. म्हणून १९६५ मध्ये आणंदलाच स्थापन झालेल्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने देणगीतली भुकटी फुकट वाटली नाही. ती दूध करून मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईत रास्त दराने विकली आणि त्या पैशांतून गावोगाव संस्था, शीतकेंद्रं, टँकर उभे केले. ज्या हत्याराचा घाव बसला होता तेच हातात घेतलं, फक्त नळाची चावी या वेळी आणंदकडे होती.

जमेला आणि खर्चाला

गिऱ्हाइकाच्या रुपयातले ८० पैशांहून जास्त उत्पादकाला जातात, असं अमूल सांगतं. आज १८ जिल्हा संघ आणि ३६ लाखांच्या घरात उत्पादक आहेत. हे आकडे मोठे आहेत आणि त्यांचं कौतुक भरपूर झालं आहे. दोन-तीन गोष्टी मात्र कौतुकात हरवतात.

पहिली: ही निव्वळ शेतकऱ्यांच्या एकजुटीची कमाई नाही. वल्लभभाई आणि मोरारजी पाठीशी होते, आयातीला कात्री लागली होती, युनिसेफची यंत्रं होती, कारखान्याला देशाचा पंतप्रधान आला होता. एवढं पाठबळ नंतरच्या फार थोड्या संघांना मिळालं. 'अमूलसारखं करा' म्हणणारे हा भाग गाळतात.

दुसरी: वैरण, शेण, धार, सगळं बाईच्या हाताने, आणि संस्थेच्या पासबुकावर नाव बहुतेक घरांत पुरुषाचं. महिलांच्या संस्था पुढे निघाल्या, पण उशिरा.

तिसरी गोष्ट ताकाची. गावात तूप कढायचं तेव्हा ताक उरायचं आणि ते विकायची रीत नव्हती. शेजारची, शेतमजुराची पोरं लोटी घेऊन यायची. दूधच डेअरीला जायला लागलं तसं ताक आटलं. घरात पैसा आला हे खरं, आणि ज्याच्या दारात म्हैस नव्हती त्याच्या ताटातलं काहीतरी गेलं हेही खरं. कुठल्याच ताळेबंदात हा खर्च धरलेला मी पाहिला नाही.

आणि आपल्याकडे

महाराष्ट्रात दूध संघ कमी नाहीत आणि सगळे वाईटही नाहीत. कोल्हापूरचा गोकुळ, वारणा, पुण्याचा कात्रज, संगमनेरचा राजहंस. गोकुळचं म्हशीचं दूध मुंबईत नाव राखून आहे. दिवाळीला येणारा दूध दर फरक कोल्हापुरातल्या कित्येक घरांत कपड्यालत्त्याची सोय करतो. वारणेच्या श्रीखंडाचा डबा तर थेट चक्क्याच्या वाटेने आणंदच्याच हिशेबाला जाऊन भिडतो. पण प्रत्येकाचं नाव वेगळं, मुंबईतला वितरक वेगळा, आणि एकाचा दर दुसऱ्याला नको झालेला. या सगळ्यांचा मिळून महासंघ होता. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या या महासंघाचं 'महानंद' दूध १९८३ पासून गोरेगावच्या प्रकल्पातून विकलं जाऊ लागलं. मात्र सभासद संघ स्वतःचं चांगलं दूध स्वतःच्या नावाने मुंबईत विकत राहिले. महासंघच आपल्या सभासदांचा स्पर्धक झाला, किंवा सभासद महासंघाचे, कुठूनही बघा.

त्यात नगर, पुणे, सोलापूरकडे संकरित गाईंचं दूध वाढलं आणि ते बहुतांशी खासगी डेअऱ्यांकडे गेलं. गाईच्या जास्तीच्या दुधाची भुकटी होते, पण ती पोत्यात जाते, ब्रँडच्या डब्यात फारशी नाही. पोत्यातल्या भुकटीचा भाव देशा-परदेशाच्या बाजारात ठरतो आणि तो पडला की चार दिवसांत गावातल्या डेअरीच्या फळ्यावर दिसतो. जुलै २०१८ मध्ये याच कारणाने महाराष्ट्रात दूध रस्त्यावर ओतलं गेलं. जुलै २०२३ मध्ये सरकारने ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन भागाच्या) गाईच्या दुधाला ३४ रुपये दर जाहीर केला. दिवाळी आली, दूध वाढलं, भुकटी पडली, आणि दर सत्तावीसच्या आसपास घसरले. जानेवारी २०२४ पासून सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं. महिने बघा: जुलैत ठरलेला दर पुष्टकाळात टिकला नाही. १९५० च्या आसपास आणंदपुढे असलेला प्रश्न संगमनेर-इंदापुरापुढे सत्तर वर्षांनी तसाच उभा होता, फक्त म्हशीच्या जागी गाय.

महानंदचं संकलन दरम्यान लाखांवरून हजारांवर आलं होतं. २०२४ मध्ये राज्य सरकारने पुनरुज्जीवनासाठी २५३ कोटी ५७ लाख रुपये मंजूर केले आणि महासंघाचं व्यवस्थापन पाच वर्षांसाठी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे सोपवलं. 'महानंद गुजरातला दिलं' अशी ओरड झाली. मंडळ केंद्राचं, देशभराचं. पण मुख्यालय आणंदला आहे हे खरंच.

गोरेगावचा तो प्रकल्प खुरोडींनी वसवलेल्या आरे वसाहतीच्या शेजारीच, द्रुतगती महामार्गाला लागून आहे. समोरून रोज पहाटे अमूलचे टेम्पो जातात.